दिलेली लिंक

क्षमा घाडीगांवकरचा ऑफिसात एक नियम होता आणि त्या नियमापायी सगळे तिला खडूस म्हणायचे. कुठलीही वेबसाइट तिच्याकडे तपासायला आली, की ती बनवणारा पोरगा मोठ्या प्रेमानं लिंक पाठवायचा. क्षमा ती लिंक उघडायचीच नाही. रस्त्यावरचा कोणीही माणूस जसा नाव टाकून, शोधत शोधत साइटवर येईल, तशीच ती यायची. "हॉटेलचं किचन बघायचं तर मालकाला फोन करून जातात का?" असं तिचं म्हणणं. पूर्वी एका पठ्ठ्यानं तिला धुऊनपुसून ठेवलेली भलतीच नक्कल दाखवून पास करून घेतलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

क्षमाला दिसत नाही. तिच्या मोबाइलमध्ये स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज आहे. त्या आवाजाच्या जोरावर आंधळ्या माणसाला एखादी साइट वापरता येते की नाही, हे बघायचं काम ती मालाडच्या एका कंपनीत करते. चित्रात काय आहे ते कोणीतरी आत शब्दांत लिहून ठेवलेलं असेल, तर तो आवाज ते वाचतो. लिहिलेलं नसेल तर नुसतं 'इमेज' म्हणतो आणि गप्प बसतो. एवढं समजलं की बाकीची गोष्ट समजायला इंजिनियर व्हायला नको.

तर हा नियम तिनं एकदाच मोडला, घरच्या माणसासाठी. आणि त्या घरच्या माणसानंच तिचा केसानं गळा कापला.

मुलुंडला गव्हाणपाड्यात अनंत पेंटर म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं. अनंत घाडीगांवकर म्हणजे क्षमाचे बाबा. आजोबा मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. बाबांनी मात्र गिरणीकडे ढुंकूनही न बघता ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पिठाची गिरणी, सलून, दवाखाना, डेअरी, इकडे मुलुंड आणि तिकडे भांडुपपर्यंत. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात बारीक सही असायची, 'अनंत'. गिऱ्हाइकाचं ऐकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. हर्षद टेलरची पाटी त्यांनी अशी काही रंगवली, की एकेका अक्षराला सुईचं टोक आणि दोऱ्याचे वळसे. बघत राहावी अशी पाटी, फक्त वाचता कोणालाच येईना. टेलर रडकुंडीला आला. बाबा म्हणाले, "पाटी वाचून कपडे शिवतंस काय रे? माणसां थांबली पायजेत, बस." पाटी काही बदलली नाही. शेवटी बिचाऱ्या हर्षदनं दाराशी फळ्यावर खडूनं 'कपडे शिवून मिळतील' असं लिहून ठेवलं.

क्षमाचे डोळे शाळेपासून कुरकुरत होते. आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि कॉलेज संपेस्तोवर समोरचंही. पण त्याआधी बाबांची अक्षरं तिनं डोळे भरून पाहून ठेवली होती. मुलीचे डोळे गेले तेव्हा तो हट्टी माणूस बरेच दिवस कोणाशी बोलला नाही. मग एक दिवस त्यांनी घराच्या दारावरची पाटी काढून आत आणली. 'घाडीगांवकर' हे आडनाव एका ओळीत मावत नाही म्हणून ते आयुष्यभर पूर्वजांच्या नावानं ओरडत आले होते. त्या अक्षरांवर त्यांनी ऑइलपेंटचा एक थर दिला. वाळल्यावर वर दुसरा, मग तिसरा, असं करत राहिले. अक्षरं पाटीवरून वर उठली. क्षमा बाहेरून आली की बोट फिरवून घर ओळखायची, आणि येणारेजाणारे म्हणायचे, काय झकास पाटी आहे हो! तिच्यासाठी वेगळी आणि पाहुण्यांसाठी वेगळी, अशा दोन पाट्या बाबांनी केल्या नव्हत्या.

ही पाटी ओजसनं पाहिलेली होती. तिच्या समोर उभा राहून त्यानं शंभरदा बेल वाजवली होती. म्हणून तर जास्त राग येतो.

ओजस वरच्या मजल्यावरचा, बँकेतल्या काकांचा मुलगा. अक्षरांचं वेड त्याला अनंत पेंटरनं लावलं. आर्ट स्कूलला गेला, मोठा डिझायनर झाला, अंधेरीत स्टुडिओ टाकला. घर मुलुंडहून पार्ल्याला गेलं तरी अनंतकाकांकडे येणं सुटलं नाही. क्षमाला सख्खा भाऊ नाही. लहानपणापासून भाऊबीजेला पाटावर ओजसच बसायचा, आणि डोळे गेल्यावरही क्षमा त्याला ओवाळायची. निरांजन त्याच्या नाकाला लागेल म्हणून तो मान मागे घ्यायचा, आणि ती म्हणायची, "हलू नकोस रे, आंधळ्या माणसाची पंचाईत करतोस."

त्याच्या घरची एक गोष्ट क्षमाच्या लक्षात राहिली होती. त्यांच्याकडे भांड्यांना सुगंधाबाई यायच्या. त्यांचा चहाचा कप खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवलेला असायचा. कप मात्र घरातल्या सगळ्या कपांत देखणा, निळ्या फुलांचा. "बघ, आपल्यापेक्षा भारी कप दिलाय हो मी तिला," असं ओजसची आई कौतुकानं सांगायची. लहानपणी ओजस एकदा त्या कपातून दूध प्यायला आणि त्याच्या कानाखाली जो आवाज निघाला, तो खाली घाडीगांवकरांकडे ऐकू आला होता.

आंधळेपणाबरोबर क्षमाच्या आयुष्यातही हा 'वेगळा' मुक्कामाला आला. परीक्षेला वेगळी खोली, बँकेत वेगळी खुर्ची, लग्नाच्या पंगतीत 'तू इथं कोपऱ्यात निवांत बस, तुझं ताट आणून देतो'. लोक हे सगळं प्रेमानं करतात हीच तर खरी गोची. धड रागावताही येत नाही.

फ्लेक्स आला आणि पाट्यांचा धंदा बसला. पुढे बाबाही गेले. जुनी दुकानं पाडून टॉवर व्हायला लागले तशा त्यांच्या पाट्या भंगारात जाऊ लागल्या. तेव्हा ओजस कॅमेरा घेऊन गल्लोगल्ली फिरला आणि उरल्यासुरल्या सगळ्या पाट्यांचे फोटो काढून आणले. "क्षमा, काकांच्या अक्षरांची साइट करतोय. जगानं बघितलं पाहिजे यार," असं तो म्हणाला तेव्हा प्रेमाकाकी, म्हणजे क्षमाची आई, पदर तोंडाला लावून आत गेली. क्षमाही रडली. मग डोळे पुसून तिनं अट घातली.

"एकच सांगते. मला वेगळं काही नको. ज्या दारानं सगळे येतील त्याच दारानं मी येणार. बाबांचं घर आहे ते."

"अगं वेडी आहेस का तू? अर्थात!" ओजस म्हणाला.

त्यानंतर बरेच रविवार दोघं तिच्या घरी बसून भांडले. छान भांडले. ओजसच्या मनात होतं, की साइट उघडली की नुसती एक भिंत दिसावी; बोट नेऊ तशी भिंत सरकावी, आणि एकेक पाटी डोळ्यांदेखत रंगवली जावी. ब्रश यावा, अक्षराचा पहिला फटकारा उमटावा, मग दुसरा, अगदी काका मारायचे तसा. त्यावर ना बटण, ना चौकट, ना मजकूर. क्षमा म्हणाली, "ब्रश फिरव की. मी तुझा ब्रश थांबवायला सांगत नाहीये. पण ज्याला गरगरतं त्याला थांबवायची सोय ठेव, आणि प्रत्येक पाटीच्या मागे शब्द ठेव. ते शब्द तुझ्या भिंतीवर दिसणार पण नाहीत."

"एक बटण आलं ना, की माणूस बटण बघतो. अक्षर नाही बघत."

"आणि बटण नसलं की मी काहीच बघत नाही."

मग चहा यायचा. बटण भिंतीच्या अगदी कडेला घ्यायचं, आकारानं लहान पण रंगानं ठळक, असं ठरायचं. सुरुवातीच्या दोन ओळींचा रंग ओजसला फिका हवा होता, क्षमाला गडद; शेवटी हर्षद टेलरच्या दोऱ्याचा काळा घेतला. तिनंही पुष्कळ सोडलं. ऑफिसात जे तिनं कोणाला चालवून घेतलं नसतं ते इथं चालवून घेतलं, कारण समोर बाबांचाच हट्टीपणा बसला होता आणि तिला त्याचं बरं वाटत होतं.

आणि तिनं शब्द लिहिले. प्रत्येक पाटीसाठी, आठवणीतून. ओजस विचारायचा, ही कुठली गं, निळी? आणि ती सांगत सुटायची. डेअरीच्या पाटीबद्दल तिनं लिहिलं, "पांढऱ्यावर फिकट पिवळं. लांबून दिसतच नाही. जवळ गेलं की साय धरावी तशी अक्षरं वर येतात. बाबा म्हणायचे, दुधाला घाई नसते." आणि दारावरच्या पाटीबद्दल लिहिलं, "ही पाटी नुसती बघून कळायची नाही. हिच्यावरून बोट फिरवा." ते लिहिल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती आईला म्हणाली, चल, आज बाहेर जेवू.

साइट झाली. ओजसनं व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली आणि वर निरोप, 'हीच उघड. सेव्ह करून ठेव.' क्षमानं उघडली. तिथं मोडला तो नियम. मनात आलंही नाही हो तिच्या. घरच्या माणसानं ताटात वाढलेलं कोणी हुंगून बघतं का?

सगळं वाजत होतं. एकेक पाटी, एकेक शब्द, तिच्याच भाषेत, मोबाइलच्या त्या कोरड्या आवाजात. आई शेजारी बसून ऐकत होती, पण काही बोलत नव्हती. क्षमाला वाटलं बाबांच्या आठवणीनं गप्प आहे. तिनं ओजसला फोन करून "पास! एकशे एक टक्के पास!" म्हणून सांगितलं. तिच्यासारख्या न दिसणाऱ्यांचा एक ग्रुप होता, वसई ते पनवेल पसरलेला. कुठलं अॅप चांगलं, कुठली साइट दगड, हे तिथं क्षमा सांगायची आणि लोक डोळे मिटून मानायचे. त्या ग्रुपवर तिनं आवाज भरला, "माझ्या बाबांच्या अक्षरांची साइट आहे. आपल्यासाठी वेगळं पान नाही, फोन नंबर नाही, 'मदतीसाठी संपर्क करा' नाही. सगळे बघतात तीच साइट आपण बघतोय. नाव टाकून शोधा, नक्की उघडा."

दोन-तीन आठवड्यांनी ग्रुपमधल्या, घाटकोपरच्या रेवतीचा फोन आला. रेवती कॉलेजात शिकत होती. तिला मोबाइल शिकवला तो क्षमानंच.

"ताई, रागावू नकोस हां. मी काकांची साइट उघडली ना, तर नुसतं 'इमेज, इमेज, इमेज' बोलतोय. पुढं काहीच नाही."

"तू चुकीची उघडली असशील."

"नाही गं. नाव टाकून सर्च केली. तूच शिकवलंस ना, दिलेली लिंक उघडायची नाही म्हणून?"

क्षमा हसली आणि ओजसची लिंक तिला पाठवून दिली. रेवतीचा लगेच उलटा फोन आला. "ही झकास चालते ताई! सगळं वाचते. पण ही दुसरीच आहे गं. पत्ताच वेगळा आहे."

क्षमानं फोन ठेवला. मग तिनं स्वतः नाव टाकलं, शोधलं, आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या दारानं आत गेली. इमेज. बोट सरकवलं. इमेज. इमेज. सगळी भिंत अशी. तळाशी कोपऱ्यात आणखी एक इमेज.

"आई, इकडे ये. हे काय दिसतंय ते सांग."

आई आली. मोबाइल हातात घेतला. मग हळू आवाजात सांगायला लागली. भिंत आहे. ब्रश येतो. तुझ्या बाबांचा हात असावा तसाच फिरतो. हर्षद टेलर... 'ह'ची शेपटी बघ कशी ओढली. खाली काय आहे, कोपऱ्यात? क्षमानं विचारलं. डोळ्याचं छोटं चित्र आहे, आई म्हणाली. ते दाबलं की तुझं पान येतं.

"तुझं पान? तुला कसं माहीत?"

आई पदरानं मोबाइलची काच पुसायला लागली.

"आई, तुला माहीत होतं?"

"ओजसान दाखवल्यान होता," आई म्हणाली. अडचणीत आली की ती मालवणीवर जायची. "दोन केलंय, तो म्हणालो. काकी, तिका सांगू नको, वाईट वाटतला. इतक्या दिवसांनी तू हसत होतंस गो. माझ्यान नाय सांगवला."

आपलेच दात, आपलेच ओठ. क्षमानं आईच्या हातातून मोबाइल घेतला आणि विचारलं, साइटवर माझं नाव कुठं आहे का? आईनं शोधून वाचलं: 'ही साइट दृष्टिहीन तज्ज्ञ क्षमा घाडीगांवकर यांनी तपासून मान्य केली आहे.' ते वाक्य भिंतीच्या सुरुवातीलाच होतं. अर्थात तेही चित्रात.

म्हणजे ज्या दारातून तिला आत घेतलं नव्हतं, त्याच दारावर तिच्या नावाची पाटी लावली होती. ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. तिला सगळ्यात लागली ती एक गोष्ट: तिनं उघडलेली साइट इतके दिवस तिच्याशिवाय कोणीच बघत नव्हतं. बाबांच्या घरात आपण सगळ्यांबरोबर बसलोय असं समजून ती एकटीच एका रिकाम्या खोलीत गप्पा मारत होती.

ओजस दुसऱ्याच दिवशी आला, आईनंच बोलावून घेतलं होतं. आला तो नेहमीसारखा, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. साइट कुठल्याशा डिझाइनच्या बक्षिसाच्या शेवटच्या फेरीत पोचली होती. खोलीतली हवा कळल्यावर त्यानं बॉक्स टेबलावर ठेवला.

"मी खूप ट्राय केलं क्षमा. आईशप्पथ. ती सुटी चित्रं नाहीत गं, एक सलग भिंत आहे. तू म्हणालीस तशी बटणं, थांबे घातले ना, की भिंतीची फाइल होते. कारकुनी होते. काकांनी घातलं असतं का बटण? हर्षदची पाटी बदलली का त्यांनी?"

"नाही बदलली. आणि हर्षदला खोटं पण नाही सांगितलं की लोकांना वाचता येतेय म्हणून."

ओजसनं पेढ्यांचा बॉक्स टेबलावर उगाच सरकवला.

"तुला नाही जमलं, तर मला सांगायचंस," क्षमा म्हणाली. "म्हणायचं, क्षमा, माझी भिंत आणि तुझे नियम एकत्र बसत नाहीत. भांडलो असतो. कदाचित मीच म्हटलं असतं, बाबांसाठी राहू दे तुझी भिंत. पण तू मला विचारलंच नाहीस रे. माझ्याकडून हो म्हणवून घेतलंस, ते भलत्याच गोष्टीला. आणि ते हो जगाला दाखवतोयस."

"लिंक दिलीय ना खाली."

"डोळ्याच्या चित्राची. त्या चित्राला नाव दिलंयस?"

"...राहिलं ते."

"आणि पाट्यांना? ते शब्द तर भिंतीवर दिसत पण नाहीत. तुझ्या कलेच्या कुठं आड येत होते?"

"तुझी वेगळी साइट होतीच, म्हणून मग..." तो थांबला. मग एकदम दुखावल्यासारखा म्हणाला, "तुला माहितेय, मी तुझ्या साइटवर जास्त मेहनत घेतली. मेन साइटपेक्षा जास्त. एकेक शब्द नीट वाजतो का ते डोळे मिटून चेक केलं. इतक्या प्रेमानं कोणी कोणासाठी केलं नसेल."

"सुगंधाबाईंचा कप पण छान होता रे," क्षमा म्हणाली. "निळ्या फुलांचा."

ओजसला कळायला वेळ लागला नाही. त्या कपापायी त्यानं मार खाल्ला होता. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. निकाल लागेपर्यंत झाकली मूठ राहू दे, एवढं तरी कर, असं काहीतरी पुटपुटला. क्षमानं सांगितलं, माझं नाव काढ. आणि वर म्हणाली, "माझं लिहिलेलं कोणी वाचलंच नाही, ओजस. बाबा मला कसे दिसले ते कोणाला कळलंच नाही." एवढं बोलताना मात्र तिचा आवाज फाटला, आणि आपण त्याच्यासमोर रडलो याचा तिला नंतर फार राग आला.

तो गेल्यावर तिनं ग्रुपवर पुन्हा आवाज भरला. "मी चुकीचं सांगितलं होतं. मला मागचं दार दाखवलं गेलं आणि मी ते पुढचं समजले. त्या साइटला माझा पास नाही." काही जणांनी अंगठे पाठवले. एकानं लिहिलं, तुम्ही पण ताई? ते तिला दिवसभर पुरलं.

पेढे कोणी खाल्ले नाहीत. आई आणि ती एका घरात राहून कामापुरतं बोलत होत्या.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी ओजसचा व्हॉइस मेसेज आला. आवाजात आनंद नुसता उतू जात होता.

"क्षमा, तू बरोबर होतीस. मी झोपलो नाहीये किती दिवस. तुझे शब्द आता मेन साइटवर आहेत. मेन! प्रत्येक पाटीखाली. वेगळं पान काढून टाकलं, एकच साइट आता, एकच दार. तुझं तपासणीचं नाव पण काढलं, तू म्हणालीस तसं. आता लेखिका म्हणून टाकलंय. लोक येडे झालेत वाचून यार. निवड समितीवाले म्हणाले, शब्दच हायलाइट आहेत. ही माझी ओवाळणी समज. उद्या येतोय मी."

क्षमानं मेसेज परत ऐकला. राग इतके दिवस धरून धरून ती थकली होती. तो सुटतोय की काय असं तिला वाटलं. आईनं ऐकलं होतं सगळं. ती पुढं आली आणि कितीतरी दिवसांनी क्षमाच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "बघितलंस? पोरगो वायट नाय गो."

त्यानं मेसेजखाली दिलेली लिंक क्षमानं उघडली नाही. स्वतः नाव टाकलं.

इमेज.

बोट सरकवलं. इमेज. आणखी सरकवलं. इमेज. पूर्वी आवाज एका पाटीला एकदा म्हणायचा, आता दोनदा म्हणत होता. जुनी सेव्ह केलेली लिंक उघडली तर तिथं पान नव्हतं.

"आई, शब्द आहेत का गं?"

"आहेत तर!" आई म्हणाली. "आणि कसे काढलेत बघ. तुझ्या बाबांच्या अक्षरांत. ब्रश येतो आणि तुझा एकेक शब्द रंगवतो. अगदी त्यांनी स्वतः लिहिल्यासारखे." तिला काय झालंय ते अजून कळलं नव्हतं. ओजसलाही कळलं नसणार, आणि तेच कोणाला सांगून पटण्यासारखं नव्हतं. त्यानं ते शब्द लिहिले नव्हते, रंगवले होते.

"वाच," क्षमा म्हणाली.

आईनं वाचलं. डेअरीचं, साईचं, दुधाला घाई नसते तेही. स्वतःचीच वाक्यं क्षमा दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती, जगानं वाचून झाल्यावर. शेवटच्या पाटीशी आई थांबली. ही आपल्या दाराची, ती म्हणाली, आणि चष्मा पुसून वाचलं, "ही पाटी नुसती बघून कळायची नाही. हिच्यावरून बोट फिरवा."

क्षमानं हात पुढं केला. आईनं तिचं बोट धरून नेमकं त्या पाटीवर ठेवलं. काच गुळगुळीत होती.

"इमेज," मोबाइल म्हणाला.

आईचा हात तिच्या बोटावर तसाच राहिला. मग आईनं विचारलं, "उद्या पाट मांडायचो मा?"

"नको," क्षमा म्हणाली.